ओल्या वाळूची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला, रुंद तोंडाचा थर्मास आहे. धनज गावच्या गंगूकाकूंच्या घरी मी बारा वर्षं काढली. तूर सोंगणाऱ्या बायांसाठी मी वावरात चहा नेई आणि "गंगूबाईचा चहा तोंड भाजते," म्हणत त्या फुंकर मारत. तेव्हा मला किती अभिमान वाटे! पुढे नवा थर्मास आला आणि मी फडताळात पडलो. भित्रा मात्र मी पहिल्यापासूनच. आतून काचेचा ना!

यंदा काकूंच्या पुतणीने, वैजयंतीने, मला बाहेर काढलं. ती कॉलेजात संशोधन करते. काकूंच्या उकिरड्याच्या पोटात हात ठेववत नाही इतकी धग असते. तिथून तिने डोळ्यांना न दिसणारे जिवाणू शोधले होते. ते साठ अंशांत सुखाने जगतात, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भुगा खातात आणि त्याचं इथेनॉल करतात, पेट्रोलमध्ये मिसळतात ते. एरवी ती पऱ्हाटी बांधावर जाळूनच टाकतात.

मे महिन्यात वावधान सुटलं, त्या वादळात विजेचे खांब पडले. कॉलेजातली ऊब देणारी पेटी बंद पडली आणि जिवाणूंच्या बाटल्या वाया गेल्या. उरली ती एकच. वैजयंतीने ती कढत पाण्यासकट माझ्या पोटात ठेवून घरी आणली. बाटलीत बारीक बुडबुडे येत होते. माझा मात्र जीव मुठीत. बूच सैल, काच जुनी. माझी ऊब गेली तर?

पाणी पुन्हा तापवायला गॅस नव्हता, म्हणून दुपारी ती सिलिंडर आणायला निघाली. "काकू, याच्याकडं ध्यान ठेवजो," एवढंच म्हणाली.

काकूंनी माझं बूच काढलं. "अवं माय, हे तं तापून राह्यलं! इरजन असं ठेवते का कोनी? नासून जाईन ना!" आणि बुडबुड्यांचं ते पाणी विरजणच समजून, दर उन्हाळ्यात दूध वाचवतात तशी त्यांनी बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत खुपसली.

मी ओट्यावरून बघत होतो. बुडबुडे मंदावले, मग थांबले. भीतीने माझी वाचाच बसली; तशी ती होती कुठे!

वैजयंती आली आणि वाळूतली बाटली बघून ओरडली. "काकू, गारव्यात मरतेत हे!"

"मले काय मालूम, बाई? म्या तं जपूनच ठेवलं." काकूंचा चेहरा उतरला. मग एकदम उठून त्यांनी बाटली उचलली. "जिथून आनलं, तिथंच जगन!" त्या गडबडीत त्यांचा पदर लागून मी खाली आलो आणि आत खळ्ळकन काहीतरी फुटलं. काकू तोवर परसात कोपरापर्यंत उकिरड्यात हात घालून बाटली पुरत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली बाहेर आली. दोघी तिच्यावर वाकून बघत होत्या. बऱ्याच वेळाने तळातून एक बुडबुडा वर आला, मग दुसरा. भाजलेला हात तोंडावर धरून काकू रडल्या.

मी पुन्हा फडताळात आहे. हलवलं की खळखळतो. भंगारवाल्याची हाक आली की धडकी भरते. पण मित्रांनो, त्याहून जास्त भीती मला मायेच्या हातांची वाटते. कुणाला जपायचं असेल तर त्याला काय मानवतं ते आधी विचारा.

काल काकूंनी मला उचललं. मी गारठलो. माझ्यावरची धूळ पदराने पुसता पुसता त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "वैजयंती, याले कसं ठेवाचं वं?"