दोन्हीकडे होकार

दयानंद ओव्हाळ हा माणूस खरेदीत कधी फसला नाही, असं मस्कतमधल्या अझैब्याच्या त्याच्या ऑफिसात सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. बांधकाम कंपनीत परचेस इंजिनीअर म्हणून त्याला अकरा वर्षं झाली होती. पंप घ्या, केबल घ्या, रेतीचे ट्रक घ्या, ओव्हाळच्या टेबलावरून गेल्याशिवाय कंपनीत साधा खिळा येत नसे. चार जणांकडून कोटेशन मागवायची, मोठ्या कागदावर रकाने आखून कम्पॅरेटिव्ह काढायचं आणि तो कागद अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या पुढ्यात ठेवायचा. निर्णय अर्बाबचा. आपण फक्त तो चुकू द्यायचा नाही.

अशा माणसाच्या हातात १९९७च्या एप्रिलमध्ये अमेरिकेहून दोन पाकिटं आली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ओमानात टपाल घरी येत नाही. ती पाकिटं कंपनीच्या पोस्ट बॉक्सात आली, तिथून त्याच्या टेबलावर, आणि तिथून तो ती छातीशी धरून घरी घेऊन गेला. दोन्हींवर नाव एकच, मैत्री दयानंद ओव्हाळ. एकुलती एक मुलगी, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. दोन छोट्या कॉलेजांनी तिला बोलावलं होतं. एक हार्लो फॉल्स, व्हरमाँटच्या डोंगरात, वर्षातले पाच महिने बर्फात बुडालेलं. दुसरं एल्मफर्ड, आयोवात, चहूबाजूंनी मक्याची शेतं. दोघांनीही जवळजवळ सगळी फी माफ केली होती. एक मेपर्यंत होकार कळवायचा होता.

ही सगळी करामत फरिदा टीचरची. मूळच्या रत्नागिरीच्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मैत्रीने शाळेच्या सहलीत एका डोंगरावरच्या दगडात शिंपला पाहिला, तो दगड घरी आणला, 'इथे समुद्र होता' असा आठ पानी निबंध लिहिला, आणि टीचर तो निबंध घेऊन थेट अझैब्याच्या घरी आल्या. "ओव्हाळसाहेब, ही पोरगी इंजिनीअरिंगला घालू नका," त्या म्हणाल्या. "हिला दगडही शिकायचेत आणि इतिहासही. असं दोन्ही शिकवणारी कॉलेजं तिकडे असतात. लिबरल आर्ट्स म्हणतात."

"म्हणजे नेमकं काय शिकवतात?" मैत्रीच्या आईने, ललिताने विचारलं होतं.

"सगळं थोडं थोडं," दयानंद अंदाजाने म्हणाला.

"म्हणजे काहीच नाही," असं म्हणून ललिता चहा ठेवायला गेली. पण तिनेही पुढे मोडता घातला नाही. भारतातल्या प्रवेशपरीक्षांचे फॉर्म जानेवारीत निघून गेले, ते ओव्हाळांनी भरले नाहीत. अमेरिकेचं होणारच, असा टीचरचा भरवसा होता, आणि दयानंदचा टीचरवर.

आणि झालं की. नुसतं झालं नाही, दोनदा झालं. घोळ तिथेच सुरू झाला.

दयानंदचा बाप खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होता. आई सहीच्या जागी अंगठा उठवायची. पोराने शिकलंच पाहिजे हे त्या घरात भाकरीइतकं ठरलेलं होतं, पण काय शिकायचं हे कधी कुणी विचारलं नाही. सरकारी पॉलिटेक्निकात नंबर लागला, गेला. ओमानची नोकरी लागली, आला. दर वेळी एकच दार उघडं असायचं आणि ते बंद व्हायच्या आत धावत सुटायचं, एवढंच त्याला ठाऊक. दोन दारं उघडी ठेवून कुणी आपली वाट बघतंय, ही चैन त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. तेव्हा त्यात वागायचं कसं हे त्याला कुठून कळणार?

मैत्रीचं तर विचारूच नका. सोमवारी हार्लो फॉल्स, मंगळवारी एल्मफर्ड. एल्मफर्डची जमीन फार जुनी, हार्लो फॉल्सचे इतिहासाचे सर फार मोठे. दोन्ही होकारपत्रं तिने भरून, सही करून जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली शेजारी शेजारी सरकवून ठेवली होती. ठरलं की एक पाठवायचं, एक फाडायचं. जेवताना तिची नजर ताटात कमी आणि काचेखाली जास्त.

"पप्पा, आय रिअली डोन्ट नो," ती म्हणायची. बापाशी ती इंग्रजीतच बोलायची, मधूनमधून एखादा मराठी शब्द फोडणीसारखा. नीट, जपून, पूर्ण मराठी ती फक्त पाहुण्यांशी बोलायची आणि फोनवर खडकीच्या आजीशी. त्यावरून दयानंद तिला हमखास रागवायचा. "घरच्यांशी मराठीत बोलत जा, आम्ही काय परके आहोत का?"

त्याने आपल्या परीने मदत केली. म्हणजे काय केलं असेल? कम्पॅरेटिव्ह काढलं. ऑफिसच्या मोठ्या कागदावर डावीकडे हार्लो फॉल्स, उजवीकडे एल्मफर्ड. विद्यार्थी किती, शिक्षक किती, वसतिगृह, हवामान, जवळचा विमानतळ, भारतीय जेवण. अठरा मुद्दे झाले. बेरीज केली तर दोघांना सारखेच गुण. पुन्हा केली, पुन्हा सारखेच. मैत्री तो कागद बघून हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पप्पा, धिस इज सो स्वीट. बट आय स्टिल डोन्ट नो." त्याला इतकं असहाय्य वाटलं की तो उगाच उठून एसीची जाळी धुवायला घेऊन गेला.

तीस एप्रिल उजाडला, बुधवार. गुरुवार-शुक्रवार मस्कतला सुट्टी. ऑफिस बंद म्हणजे फॅक्स बंद. सकाळी निघताना दयानंदने पाहिलं, मैत्री टेबलाशी बसल्या बसल्या झोपली होती, गाल काचेवर. त्याने हळूच तिचं डोकं उचलून खाली उशी सरकवली, काचेखालची दोन्ही पत्रं काढली आणि ऑफिसात नेली.

आता त्याच्या डोक्यात काय होतं ते सांगतो, कारण त्याला लबाड म्हणाल तर मला चालणार नाही. त्याच्या धंद्यात रोजचाच प्रसंग तो. कोटेशनची मुदत संपत आलेली असते आणि अर्बाब काही ठरवत नाही. अशा वेळी ओव्हाळ काय करायचा? दोन्ही पार्ट्यांना होकाराचं पत्र पाठवायचा. वर दोघांनाही मोकळेपणाने कळवायचा, की समोरच्यालाही असंच पत्र दिलंय, अंतिम निर्णय लवकरच. कुणी रागवत नसे. मुदत वाढायची, कधी कधी भावही उतरायचा, आणि ज्याला काम मिळालं नाही त्याला नंतर खेदाचं पत्र गेलं की खलास. अकरा वर्षं हेच चाललेलं. हे त्याला चोख आणि सभ्य वाटायचं, आणि त्या बाजारात ते होतंही.

तर बुधवारी दुपारी चार वाजता त्याने दोन्ही होकारपत्रं फॅक्स केली. सोबत स्वतःच्या सहीने दोघांना एकच मजकूर. आम्ही आपली ऑफर स्वीकारत आहोत. दुसऱ्या कॉलेजलाही असाच होकार दिला आहे, त्याचं नाव खालीलप्रमाणे. अंतिम निवड आठवड्याभरात कळवू, तोवर जागा राखून ठेवावी ही विनंती. त्याने पत्र दोनदा वाचलं, स्पेलिंगं तपासली. पोरीला आठवडा मिळवून दिला म्हणून त्याला हलकं वाटलं. मूळ पत्रं संध्याकाळी काचेखाली जशीच्या तशी सरकवून ठेवली. रात्रभर जागलेली मैत्री दिवसभर खोलीत झोपून होती, तिला पत्ताच लागला नाही.

गुरुवारी संध्याकाळी मैत्री खोलीतून बाहेर आली. हातात तो शिंपल्याचा दगड. "पप्पा, मम्मी, आय हॅव डिसायडेड," ती म्हणाली. "हार्लो फॉल्स." कारण तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोरगी पोटातून हसत होती. तिने काच उचलली, एल्मफर्डचं पत्र काढलं, कागदाला "सॉरी" म्हणाली आणि त्याचे चार तुकडे केले. दुसरं पत्र बापाच्या हातात दिलं. "आज तिकडे एक तारीखच आहे ना? जाईल?"

"जाईल," दयानंद म्हणाला. त्याची नजर त्या चार तुकड्यांवर होती. सांगून टाकावं, असं मनात आलंही. पण तिला हसताना बघून त्याची जीभ उचलेना, आणि काम तर झालंच होतं, आता फक्त खेदाचं पत्र राहिलं होतं. तो रिकाम्या ऑफिसात गेला, वॉचमनकडून कुलूप उघडून घेतलं. हार्लो फॉल्सला पक्का होकार पाठवला, एल्मफर्डला खेद. घरी येताना खडकीचे नाही मिळत म्हणून मस्कतच्याच मत्रा बाजारातले पेढे आणले.

शनिवारी सकाळी फॅक्सच्या ट्रेमध्ये दोन कागद पडले होते, सुट्टीत येऊन पडलेले.

एल्मफर्डचं पत्र चार ओळींचं होतं. हार्लो फॉल्सचं लांब होतं आणि फार मायेने लिहिलेलं होतं, त्यामुळे जास्त लागलं. मैत्रीचा निबंध आम्ही सगळ्यांनी वाचला होता, असं त्यात होतं. होकारपत्रावरची सही म्हणजे विद्यार्थ्याचा शब्द असतो, तो एकाच ठिकाणी देता येतो. तुमचं पत्र आल्यावर आम्ही एल्मफर्डशी बोललो. दोन्हीकडे तीच सही आहे. अत्यंत दुःखाने आम्ही दोघेही आमचा प्रवेश मागे घेत आहोत.

दयानंदने ते पत्र खिशात घातलं आणि तो सरळ फरिदा टीचरच्या घरी गेला. त्यांनी दारातच उभं राहून वाचलं. मग त्या आत जाऊन बसल्या.

"दोन्हीकडे पाठवलंत?" त्या म्हणाल्या. "आणि वर त्यांना कळवलंत?"

"लपवायचं कशाला? आमच्याकडे तसंच करतात."

"मला विचारायचंत हो एकदा."

विचारायचं असतं हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. टीचर म्हणाल्या, फोन करा, सांगा की चूक माझी. पण शनिवार-रविवार अमेरिकेला सुट्टी. आपण कामावर, ते घरी. दोन दिवस तो घरात पेढ्यांच्या डब्याशेजारी जेवला. ललिता नातेवाइकांना फोन करत होती. मैत्री व्हरमाँटच्या थंडीसाठी लोकर किती लागेल ते विचारत होती. तो मान हलवत होता. सांगायला तोंड उघडायचा आणि पाणी प्यायचा.

सोमवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातून फोन लागला. पलीकडे प्रवेश बघणाऱ्या बाई होत्या, आवाज शांत. दयानंदने मनात शंभरदा घोकलेलं इंग्रजी एका दमात ओतलं. मुलीला यातलं काहीच माहीत नाही. मी पाठवलं. मी परचेसमध्ये काम करतो. शिक्षा करायची तर मला करा.

"मिस्टर ओव्हाळ, माझा तुमच्यावर विश्वास बसतोय," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही पत्रांवर सही तिची आहे. आणि तिची जागा आम्ही शुक्रवारीच यादीतल्या दुसऱ्या मुलीला दिली. आता तिच्याकडून ती कशी काढून घेऊ?"

ती दुसरी मुलगीही कुणाच्या तरी घरात तीन आठवडे वाट बघत बसली असेल, हे त्याला दिसलं, आणि भांडायचंही बळ गेलं. "थँक यू, मॅडम," असं म्हणून त्याने फोन ठेवला. अकरा वर्षांत त्याने असा एकही सौदा पाहिला नव्हता ज्यात विनवणी करायलाही जागा नव्हती.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बुधवारपासून सोमवारपर्यंत, काही न वगळता. दोन्ही पत्रं काचेवर ठेवली. ललिताने हातातला फोन ठेवून दिला. "अहो, वर्ष गेलं पोरीचं," एवढंच म्हणाली.

मैत्रीने पत्रं वाचली. हार्लो फॉल्सचं दोनदा वाचलं. दयानंद वाट बघत होता. आता ओरडेल, दगड फेकून मारेल, दार आपटून जाईल, त्याला सगळं चाललं असतं. तो मनातल्या मनात तिला म्हणत होता, बोल बाई, शिव्या दे इंग्रजीत, मला कळतील तितक्या कळतील.

तिने पत्रांच्या घड्या घातल्या, काच उचलली आणि ती खाली सरकवली. मग त्याच्याकडे पाहिलं.

"असू द्या पप्पा," ती म्हणाली. एकेक शब्द जपून उचलत, अडखळत, पण पूर्ण मराठीत. "तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत. तुम्ही दमला असाल. जेवून घ्या."

खडकीच्या आजीशी बोलते तशी. घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलते तशी. इतकी वर्षं ज्यासाठी तो तिला रागवत होता ते त्याला आज मिळालं होतं, आणि त्याला ते नको होतं.

ललिताने पानं घेतली. तो जेवायला बसला.