काच कापायच्या दिवशीची गोळी

वहिनीच्या काळजाचा ठोका चुकला तो कुणाला पाहून नव्हे, शिंप्याच्या आरशावर रेघ ओढताना. काच कापायची हिरकणी अर्ध्यावर आली होती. तेवढ्यात कुणी वाटाण्यांचा डबा हलवावा तसं छातीत झालं, हात जरासा अडखळला आणि माणूसभर उंचीचा आरसा मन मानेल तसा तडकला. काचेवरची रेघ एकदा सुरू केली की मध्ये थांबायचं नसतं. थांबलात की पुढचं काच ठरवते.

"ठोका चुकला वन्सं," वहिनी कशीबशी म्हणाली.

"या वयात? कोणाला पाहिलंस?" चौकटीला खिळा मारता मारता नणंदेनं मान वर केली. वहिनीचा पांढराफटक चेहरा दिसला तशी पुढची थट्टा तिनं गिळली आणि स्टूल ओढलं.

दुकान दोघींचं. नणंदेकडे गिऱ्हाइकं आणि चौकटी, वहिनीकडे काच. नणंद वयानं लहान, तरी लग्न होऊन आल्यापासून वहिनी तिला 'वन्सं, तुम्ही' म्हणत आली आणि नणंद तिला 'अगं वहिनी'. कडाकडा भांडतानासुद्धा यात बदल नाही. ज्याच्यामुळे हे नातं जुळलं तो, एकीचा नवरा आणि दुसरीचा दादा, आता दुकानात फक्त चौकटीत होता. चौकट नणंदेची, काच वहिनीची.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि सांगितलं, हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथं साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. वय आणि ब्लडप्रेशर पाहता रक्त पातळ करायची गोळी घ्यायचीच, रोज, न चुकता. उठता उठता त्या म्हणाल्या, "कापलं-खुपलं तर रक्त थांबायला वेळ लागेल हं, जपा."

वहिनीनं यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं. तिच्या बोटांना रोज कुठं ना कुठं कापलेलं असायचं. हातमोजे घालून काच कापणारा तिच्या लेखी नवशिका. उघड्या बोटाला कड कळते, मोज्याला काय कळणार? तेव्हा तिनं मनाशी हिशेब जुळवला: काच कापायच्या दिवशी गोळी नाही, दुकान बंद त्या दिवशी गोळी. दोन्ही बाजू सांभाळल्या म्हणून स्वतःवर खूशही झाली.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत की. सुट्टीच्या दिवशी अगदी न चुकता."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस काच असते."

नणंद खुर्चीतच गरकन वळली. "म्हणजे आठवडाभर तू हवेवर? रविवारचं गोडधोड आहे का ते? अगं, लकवा काय सुट्टी बघून येतो?"

"त्या गोळीचा जोर जेमतेम एक दिवस टिकतो," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "घेतली नाहीत की पाठीशी कुणी नाही. बोट कापलं तर दाबून धरा, उशिरा का होईना, थांबेल. गुठळीला दाबून धरता येत नाही."

वहिनीचे कान तापले. एवढी साधी गोष्ट आपण उलटी धरून बसलो होतो.

मग तिनं धडधडीचं विचारलं. वेग कमी करायची गोळी आधीपासून होती, पण त्या गोळीनं जिना चढताना पाय शिशाचे व्हायचे. डॉक्टरीणबाईंनी पुढचे मार्ग सांगितले: भूल देऊन विजेचा झटका देता येतो, पण बऱ्याचदा लय परत बिघडते. तिसरा मार्ग म्हणजे मांडीतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून गडबड सुरू होते ती जागा जाळायची. पुष्कळांना आराम पडतो, काहींना पुन्हा करावं लागतं, क्वचित आत इजा होते. रक्ताची गोळी मात्र त्यानंतरही सुटणार नाही.

"काळीज जाळणार?" नणंद दाराबाहेर पडल्या पडल्या म्हणाली. "काही नको. गोळ्या घे, काउंटरवर बस, काच कापायला माणूस ठेवू."

"आणि मी काय करू? गिऱ्हाइकांना चहा विचारू?"

"जिवंत राहा! दादाला आत नेलं ते नेलंच, वहिनी. मी दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर पुन्हा बसायची नाही."

रस्त्यात दोघी थांबल्या. वहिनीनं तिचा दंड धरला. "वन्सं, ते बाकडं मीही विसरलेले नाही. पण जिना चढून धापा टाकत काउंटरवर बसायचं, याला मी जगणं म्हणणार नाही. तार घालून घेईन. गोळी रोज घेईन, मरेपर्यंत. आणि तुम्ही बाकड्यावर बसाल. कुरकुरत बसाल, पण बसाल."

नणंदेनं नाक ओढलं. "आणि हातमोजे?"

तार, चटका, भूल, सगळ्याला वहिनी तयार झाली होती. अडलं ते इथं. "आणा," ती शेवटी म्हणाली. "जाड नको."

ऑपरेशनची तारीख मिळाली, पण शिंप्याला तडकलेल्या आरशाच्या जागी नवा आरसा त्याआधी द्यायचा होता. मोजे घालून वहिनीनं आधी रद्दी तुकडे घेतले. पहिला वाकडा गेला. दुसऱ्याला कोपरा उडाला. बोटांना काही म्हणता काही कळेना. मग ती बोटांवर विसंबायचं सोडून खांद्यातून हात ओढायला शिकली, कानानं हिरकणीची करकर ऐकत. दुपारपर्यंत रद्दीची टोपली भरली आणि तुकडे सरळ निघू लागले.

मग आरशाची मोठी काच टेबलावर आली. दुसरं टोक नणंदेनं धरलं. रेघ निम्म्यावर गेली आणि छातीत वाटाणे उसळले.

"वहिनी?"

"बोलू नका."

वाटाणे उडत राहिले, करकर चालू राहिली. खांदा थांबला नाही. रेघ कडेपर्यंत गेली, वहिनीनं काच टेबलाच्या काठावर घेऊन दाबली आणि ती टक्‌ करून सरळ सुटली.

वहिनी स्टुलावर टेकली. छाती ताळ्यावर येईपर्यंत बसली आणि मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मोज्यातल्या बोटांनी गोळी निघेना. इकडून दाबली, तिकडून दाबली, पट्टी तेवढी चुरगळली.

"दे इकडे, नवशिके," नणंद म्हणाली. गोळी काढून तिनं वहिनीच्या मोज्यावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या आणायला वळली.