उतारावरची गिऱ्हाइकं

सोफेवाल्याची बायको गाडी नेहमी उतारावरच लावायची. लोकांना वाटे, असते एकेकाची सवय. सवय कसली डोंबलाची! सपाटीवर लावली तर ती परत चालू होईल, याची खात्री खुद्द गाडीलाही नव्हती.

पिकअप जुनी होती. म्हणजे आधीच्या मालकानेही ती जुनीच घेतली होती. रंग कधीकाळी निळा असावा. हौदा दणकट, दारं जरा कुरकुरी, पण इंजिनाचं दुखणं पार हाडात मुरलेलं. मेकॅनिकने बॉनेट उघडून आत पाहिलं, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना घेतात तसं तिला बाजूला घेतलं.

"रिंगा झिजल्यात, बाई. नुसत्या किल्लीवर उठायचा जोर राहिला नाही तिच्यात. इंजिन खोलावं लागेल."

"आणि नाही खोललं तर?"

"मग उतार बघून लावत जा. घरंगळत सोडायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. दणका बसला की उठेल. एकदा उठली की मग तक्रार नाही."

"आमच्या ह्यांच्यासारखीच आहे म्हणा की," ती म्हणाली आणि बॉनेट लावून टाकलं.

घरी मात्र तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुठल्या तोंडाने? गाडी तिच्याच हट्टाने आलेली. त्याआधी सोफे पोचवायला थोरल्या दिरांचा टेम्पो असायचा. टेम्पोत पुढे दोन जागा, एक भाऊजींची आणि एक नवऱ्याची. ती मागे, दोरीने बांधलेल्या सोफ्यावर, मागे तोंड करून. लग्न झाल्यापासून तिने या शहरातले सगळे रस्ते उलटे पाहिले होते. दुकानं यायची नाहीत, नुसती जायची. शेवटी एक दिवस ती उठली, गाडी चालवायला शिकली आणि ही पिकअप घेऊन दारात उभी राहिली.

भाऊजींनी येऊन टायरला एक लाथ घातली. "इंजिन गेलंय हिचं. बायको स्टिअरिंगवर आणि तू मागून ढकलतोयस, असा येशील बघ माझ्या दारात."

नवरा एरवी मवाळ. गादीचं कापड ठोकायला तोंडात बारीक खिळे धरलेले असायचे, त्यामुळे बोलणं तसंही कमीच. पण त्या दिवशी त्याने खिळे काढून तळहातावर ठेवले.

"दादा, ज्या दिवशी मी ही गाडी ढकलीन, त्या दिवशी ती भंगारात. शब्द आहे माझा."

आणि खिळे परत तोंडात. तिने मनातल्या मनात हिशोब केला. गाडी भंगारात म्हणजे आपण परत सोफ्यावर.

तेव्हापासून ऑर्डरचा फोन आला की ती आधी विचारायची, "घर चढावर आहे ना हो?" सपाटीवरच्या माणसांना सांगायची, सध्या फार काम आहे. बघता बघता सगळी गिऱ्हाइकं टेकडीवरची झाली. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, "हल्ली वरचेच लोक बोलावतात आम्हाला." राहता राहिला घरचा प्रश्न, तर तिथे तिचं नशीबच जोरावर होतं. गाडी आली त्याच आठवड्यात नवऱ्याच्या डोक्यात आलं की अंगणात पाणी साचतं. त्याने मुरूम आणून भिंतीच्या बाजूने असा काही चढवला की अंगणाला फाटकापर्यंत छान उतार मिळाला. तिला तर आनंदाने रडूच फुटायचं बाकी होतं.

आणि मग नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. फोन नेमका नवऱ्याने घेतला आणि हो म्हणून बसला. नाट्यगृह नदीकाठी. मागचं मैदान इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. खुर्च्या इतक्या, की भाऊजींचा टेम्पोही सांगावा लागला.

तिने मनाशी ठरवलं, इंजिन बंदच करायचं नाही. गाडी मागच्या दाराशी धडधडत उभी ठेवली आणि ती खुर्च्या आत नेऊ लागली. शेवटची खुर्ची जागेवर बसते न बसते, तोच बाहेरची धडधड थांबली. तिच्या काळजाचीही थांबली असती.

धावत बाहेर आली, तर गाडीपाशी एक राजा उभा. मुकुट, दाढी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. आत नाटकाची तालीम चालली होती.

"मी मरतोय तिथे!" राजा कडाडला. "शेवटचे शब्द बोलतोय, आणि तुमचं हे मळणीयंत्र! घ्या तुमची किल्ली."

"महाराज, तुम्ही मेलात ते ठीक," ती म्हणाली, "मला कशाला मारलंत?"

तिने किल्ली फिरवून पाहिली. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा कण्हलं. भाऊजी टेम्पोला टेकून, हाताची घडी घालून बघत होते. चेहऱ्यावर वाढदिवस.

"काय रे," ते धाकट्याला म्हणाले, "ढकलतोस ना?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि खिशात टाकले.

"छे. शब्द म्हणजे शब्द. मी नाही ढकलणार." तो तिच्याकडे वळला. "अगं, सरक. मी आत बसतो."

"तुम्ही? अहो, तुम्हाला कुठे येते?"

"बघून बघून येतं की. तू दुसरा गिअर टाकून दे. दादा, जरा हात लाव मागून. आणि महाराज, बंद तुम्ही केलीय, तुम्हीही या."

राजा वरमला. दोन शिपाई भाले टाकून आले. धाकट्या भावाने पहिल्यांदाच काम सांगितलेलं, त्यामुळे भाऊजीही भांबावले आणि भांबावलेल्या माणसाने लावावा तसा त्यांनी खांदा लावला.

"डावा पाय दाबून धरा!" ती मागून ओरडली. "मी सांगितलं की सोडा! ... आता! अहो, सोडा!"

गाडीने एक गचका दिला, भाऊजींच्या तोंडावर काळा धूर सोडला आणि उठली. राजाचा मुकुट मातीत. गाडी मात्र दुडक्या चालीने मैदानाला वळसा घालू लागली.

"थांबवायची कशी गं?" आतून आवाज आला.

"थांबवू नका! बंद पडेल! वळवत राहा नुसती!"

"वळवतोच आहे!"

दुसऱ्या फेरीला ती पदर खोचून शेजारून धावली, दार ओढलं आणि आत चढली. नवरा दोन्ही हातांनी स्टिअरिंगला मिठी मारून बसला होता. कपाळावर घाम, मिशीत हसू. भाऊजी टेम्पोपाशी तोंड पुसत उभे होते. या बाजूने पाहिलं तर बरेच लहान दिसत होते.

"अहो," श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "आपल्या अंगणात पाणी कधी साचलं होतं हो?"

त्याने मान वळवली नाही. समोर बघत आणखी एक फेरी सुरू केली.

"गाडी चालवताना," तो म्हणाला, "ड्रायव्हरशी बोलू नये."