परत न आलेले बावीस जण

कान-नाक-घशाच्या त्या नियतकालिकात लेख छापून यायचा, तर आधी दोन तज्ज्ञ तो लेखकाचं नाव न कळता तपासत. नाव ठाऊक असे फक्त संपादकबाईंना आणि त्यांच्या सहायकाला. या खेपेचं नाव त्यांच्या सरांचं होतं. कानात दुर्बीण कशी धरायची, हे बाईंना त्यांनीच शिकवलं होतं.

कानाच्या फाटलेल्या पडद्यावर सरांनी नव्या पद्धतीने दोनशे ऑपरेशनं केली होती. शंभरात चौऱ्याण्णव यशस्वी. दोन्ही तज्ज्ञांनी लेख वाखाणला होता. बाई मात्र सवयीप्रमाणे आधी तक्ते वाचत, मग मजकूर. तिसऱ्या तक्त्याशी त्या अडखळल्या. वर्षानंतरच्या तपासणीला बावीस पेशंट फिरकलेच नव्हते, आणि त्यांना सरळ बऱ्या झालेल्यांत धरलं होतं.

सहायकाचं म्हणणं, एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत थोडा कानाडोळा करावा. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन उचलला.

"सर, हे बावीस जण बरे झाले, हे कशावरून?"

"त्रास असता तर आले असते की."

"किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील."

मी तुला असले प्रश्न विचारायला शिकवलं का, असं सरांनी विचारलं. हो, तुम्हीच शिकवलंत, असं बाई शांतपणे म्हणाल्या. सरांनी फोन ठेवला. बाईंना वाईट वाटलं, पण लेख त्यांनी त्याच दिवशी परत पाठवला.

सात आठवडे काहीच नाही. मग लेख पुन्हा आला. सर जुन्या केसपेपरांवरचे पत्ते घेऊन स्वतः दारोदार हिंडले होते. एका शिंप्याचा कान तर त्यांनी शिलाई मशीनपुढेच तपासला होता. एकोणीस जण सापडले. तेरा जणांचा पडदा धड होता, सहा जणांचा पुन्हा फाटला होता. त्या सहाही जणांचं मूळ भोक पडद्याच्या पुढच्या कडेला होतं. तिथे ही पद्धत टिकत नाही, हे सरांनी नव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं. न सापडलेले तिघे हिशेबातून वगळून यशाचा आकडा शंभरात एक्क्याण्णववर आला होता. सोबत चिठ्ठी होती : 'कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. बरं केलंस.'

तज्ज्ञांनी लेख पुन्हा तपासून पास केला. बाईंनी सरांना कळवलं, की नवा परिच्छेदच लेखात सर्वांत मोलाचा आहे, त्याला हात लावणार नाही. प्रस्तावना मात्र पाल्हाळाची आहे, निम्मी कापते.

सर तासभर भांडले. प्रस्तावना निम्मी झाली.