गेटपासच्या यादीतले खाडे

गौतमीचं डोकं तल्लख, यात वाद नाही. केडगावहून रोज रांजणगावच्या कारखान्यात यायची आणि गेटपासची नवी कॉम्प्युटर सिस्टीम तिनं महिन्यापूर्वीच एकटीनं उभी केली होती. पण डोक्याआधी तोंड चालतं, हे तिच्या आईनं तिला शंभरदा सांगितलेलं.

झालं असं, की ऑडिटच्या तोंडावर यादीत खाडे निघाले. चार हजार एकशे सतरानंतर थेट चार हजार एकशे एकोणीस. मधला गायब! महिन्याभरात असे चोवीस नंबर नव्हते, आणि चोवीसच्या चोवीस हरिबांच्या पाळीतले. हरिबा म्हणजे गेटवरचे वॉचमन, शिरूरकडचे, बावीस वर्षांची नोकरी. येणारी-जाणारी गाडी ते एका बोटानं कॉम्प्युटरवर चढवायचे. कारखान्याचे मॅनेजर सत्यजीत साहेबांनी सगळ्यांना गेटवरच गोळा केलं आणि विचारलं, नंबर आपोआप सुटतो का?

"नाही सुटत, सर," गौतमी फाडकन म्हणाली. "कुणीतरी नोंद पुसलीय."

'कुणीतरी' म्हणाली खरी, पण माना सगळ्यांच्या हरिबांकडे वळल्या. आपण काही पुसलं नाही, एवढंच म्हातारा बोलला. बिनानोंदीच्या गाडीतून माल गेला असणार, असं ठरलं आणि हरिबांना मोटारसायकलींच्या पार्किंगला बसवलं. त्यांच्या जागी संपत नावाचा दुसरा वॉचमन आला आणि खाडे बंद झाले. मग काय विचारता! कँटीनमध्ये जो तो हरिबांना चोर म्हणू लागला. गौतमीची कॉलर ताठ.

दहा दिवसांनी, ऑडिटला पुरावा द्यायचा म्हणून तिनं सिस्टीमनं नाकारलेल्या नोंदींची यादी उघडली. खरं तर हे काम पहिल्याच दिवशी करायचं. यादीत चोवीस ओळी होत्या. चोवीसही वेळा पाळीच्या सुरुवातीला, गाडी नंबरच्या चौकटीत एकच शब्द होता, श्री.

गौतमीला आता उलगडा झाला. वहीचं नवं पान श्री लिहून सुरू करावं, तशी हरिबा रोजची पाळी सुरू करत होते. हा गाडीचा नंबर नव्हे म्हणून सिस्टीम नोंद नाकारायची, लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी सांगायची. हरिबा ते बाजूला सारून पहिल्या गाडीला लागायचे. पण नोंद नाकारली तरी तिला दिलेला नंबर खर्ची पडतो, तो परत मिळत नाही. कॉलेजात शिकवलेलं हे, परीक्षेत लिहिलंही होतं बाईनं! कुणी काही पुसलं नव्हतं, माल कुठं गेला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हरिबा पार्किंगमध्ये गाड्या ओळीत लावत होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं हळूच सगळं सांगितलं, माफी मागितली.

"तवा समद्यांम्होरं बोलला व्हता, ताई," ते म्हणाले. "आन् आता कानात सांगताय व्हय?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. तिनं साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, गाजावाजा नको, गुपचूप परत बसवू. तिनं ऐकलं नाही. तीन वाजता पाळी सुटली तेव्हा ती गेटवर त्याच जागी उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, की हरिबांनी काही पुसलं नाही, चूक माझी आहे, मी न तपासता बोलले. काहींनी माना खाली घातल्या. बाकीचे बस पकडायला गेले.

दुसऱ्या दिवशी हरिबा गेटवर आले. गौतमीनं रात्रीतून नाही, पण सकाळी लवकर येऊन स्क्रीनवर सगळ्यात वर एक वेगळी चौकट करून ठेवली होती. इथं श्री लिहिलं तर नंबर जाणार नाही, असं तिनं त्यांना समजावलं.

हरिबांनी बोट उचललं, जरा थांबले, आणि खाली ट्रकचा नंबर दाबू लागले.

"नगं, ताई. देवाचं नाव लिवलं आन् चोर ठरलो. आता गाडीचाच नंबर लिवतो."

तेव्हापासून यादीत एकही खाडा नाही. साहेब खूश आहेत. वरची चौकट अजून रिकामीच आहे. गौतमी रोज सकाळी यादी तपासते, आणि रोज तिची मान खाली जाते.