आधी होडीत कोण बसलं

वादळ किनाऱ्याला धडकणार म्हणून सगळी गल्ली शाळेत हलली, पण शिंपीणबाईंचा नवरा काही हलला नाही. "असली छप्पन्न वादळं मी कोळून प्यायलोय," असं म्हणत तो दारात उभा राहून जाणाऱ्यांना "भित्रे कुठले!" म्हणून हसत होता. बायकोने सासूबाईंच्या अधू पायांची आठवण करून दिली, तर त्याने तिलाच वेड्यात काढलं.

वादळ सरलं आणि नदी घरात शिरली. शिलाई मशीन पाण्याखाली गेलं, तेव्हा शिंपीणबाईंनी सासूबाईंना पाठुंगळी घेऊन कसाबसा माळा गाठला. नवरा त्याआधीच वर जाऊन बसला होता.

दुपारी माळ्याच्या खिडकीशी होडी लागली. "आधी आजींना द्या," होडीवाला म्हणाला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत नवरा दोघींना ढकलून होडीत उतरला.

"मी आतून धरतो ना!" तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसला. सासूबाईंना शिंपीणबाईंनी आणि होडीवाल्यानेच उतरवलं.

शाळेत पोचताच त्याने अंगाभोवती टॉवेल गुंडाळून फड जमवला. "छातीएवढ्या पाण्यातून आईला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं!"

"कोणाच्या आईला रे?" सासूबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं. अख्खा वर्ग फिस्सकन हसला.

शिंपीणबाईंना त्याचा राग येईना, नुसती किळस आली. त्यांनी सासूबाईंना शेजारच्या वर्गात नेऊन सतरंजी अंथरली. तो मागोमाग आला, तेव्हा त्यांनी वरही पाहिलं नाही.

"इथे आम्ही भित्री माणसं झोपणार आहोत. तुम्ही व्हरांड्यात बघा."