चौथा पाव

रेझकी चार वर्षं आमच्या बाब-अल-उएद वस्तीतल्या एकाच भिंतीला पाठ लावून उभा होता. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. वेल्डिंगचा दाखला खिशात, काम कुठेच नाही. मी समोर खुर्ची टाकून बसायचो. दोघांचा दिवस सारखाच जायचा.

मग सिनेमावाली वसीला आली. पॅरिसला राहून परतलेली. तिला जगाला वैतागलेली पोरं हवी होती, अस्सल. तिने रेझकीला निवडलं. सिनेमा समुद्रापलीकडे मार्सेयला दाखवणार होते, आणि नायकाला तिथला व्हिसा मिळणार होता. रेझकीचा अर्ज आधी तीनदा परत आला होता.

प्रसंग साधा. आई पाव हातात देते, पोरगा तो रस्त्यावर आपटतो आणि बुटाने तुडवतो.

रेझकीने आपटला. मग वाकला, उचलला, ओठांना लावला आणि भिंतीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. खाली पडलेला पाव आमच्यात कुणी पायात राहू देत नाही.

"थांबा," वसीला म्हणाली. "उचलायला कुणी सांगितलं?"

"उचलला का मी?"

"बंडखोर म्हणे," शेजारचा हमूद हसला. "वागतोय आजीसारखा."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. कट्ट्यावर तीन पाव झाले.

वसीला पायरीवर बसली. "रेझकी, ऊन उतरतंय. एकच पाव उरलाय. जमत नसेल तर हमूद करेल. मार्सेयलाही तोच जाईल."

"मी दोन्ही पायांनी तुडवीन," हमूद म्हणाला.

रेझकी माझ्याजवळ आला. "काका, जरा मागे तोंड करून बसा ना. तुमच्यासमोर नाही होत."

"घरी जाऊ का?"

"नको. इथेच बसा. फक्त बघू नका."

मी खुर्ची फिरवली आणि मागच्या भिंतीचे पोपडे बघत राहिलो. पाव आपटल्याचा आवाज आला, मग बुटांचा. बराच वेळ. टाळ्या वाजल्या. मी वळलो तोवर सिनेमावाल्यांच्या माणसाने चुरा झाडून कचऱ्याच्या पिशवीत भरला होता. रेझकी सिगरेट पेटवत होता. काडी काही पेटेना.

तो मार्सेयला गेला तो परतला नाही. तिकडे वेल्डिंग करतो. भिंतीला आता हमूद टेकून असतो.

परवा रेझकीचा फोन आला. "काका, लोकांना तोच प्रसंग आवडतो. विचारतात, एवढा राग आणलास कुठून?"

"मग काय सांगतोस?"

"काय सांगणार? तो चौथा पाव, काका. तुम्ही उचलून ठेवलात ना?"

"ठेवला की," मी म्हणालो.